एकवीसच्या बदल्यात

शर्वरी कडूला लुमाराला जायचं नव्हतं. पनवेलच्या रुग्णालयातली तिची नर्सची नोकरी नुकतीच कायम झाली होती आणि करंज्याच्या निरंजन म्हात्रेशी लग्न ठरलं होतं. निरंजन मासेमारी बोटींच्या विजेवर चालणाऱ्या मोटारी दुरुस्त करायचा. दोघांनी उरणमध्ये भाड्याची जागाही बघून ठेवली होती. जागा अंमळ लहानच होती, पण खिडकीतून खाडी दिसत होती. एवढ्यात लुमाराचं निघालं, आणि ते निघालं वडिलांमुळे.

चंद्रहास कडूंनी उभा जन्म न्हावा-शेवा बंदरात क्रेनवर काढला होता. उंचावरच्या काचेच्या केबिनमध्ये बसून जहाजांवरचे कंटेनर उतरवायचे, हे त्यांचं काम. शर्वरी शाळेत असताना ‘भारताची प्रमुख आयात’ हा धडा तेच तिच्याकडून पाठ करून घ्यायचे. खनिज तेल, सोनं, इलेक्ट्रॉनिक वस्तू, यंत्रं, खाद्यतेल, असं ती म्हणत जायची. मग देश: चीन, अमेरिका, अमिराती, रशिया, सौदी. शर्वरीची आई तेव्हाच गेली होती. घरात दोघंच. जेवताना बोलायला काहीतरी हवं, म्हणूनही हा धडा बरा पडायचा.

पुढे रक्तदाबाकडे केलेल्या दुर्लक्षाने चंद्रहासांची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली. आठवड्यातून तीन वेळा डायलिसिस सुरू झालं. हातातली एक शीर धमनीला जोडून फुगवायची, तिच्यात दोन जाड सुया खुपसायच्या, अंगातलं सगळं रक्त यंत्रातून गाळून परत आत सोडायचं. पाणी मोजून प्यायचं. यंत्रावरून उतरलं की त्यांना जिना चढवत नसे. नर्सिंगचं शिकणारी शर्वरी त्यांना धरून वर न्यायची. वडिलांच्या शिरेवर सुई टोचायला ती तेव्हाच शिकली.

मग पेशींचं कलम आलं.

कल्पना ऐकायला सोपी होती. रुग्णाच्या त्वचेतल्या पेशी घ्यायच्या, त्यांना पुन्हा मूळ अवस्थेत न्यायचं, मूत्रपिंडाच्या पेशी व्हायला शिकवायचं आणि मेलेल्या मूत्रपिंडात सोडून द्यायचं. पेशी रुग्णाच्याच असल्यामुळे शरीर त्यांना परकं मानत नाही. अडचण वेगळीच होती. वेगाने वाढायला शिकवलेली पेशी कुठे थांबेल याचा भरवसा नसतो. प्रयोगातल्या पहिल्या काही रुग्णांना कर्करोग झाला. लुमारा नावाच्या, दक्षिणेकडच्या थंड समुद्रातल्या एका छोट्या देशातल्या शास्त्रज्ञांनी त्यावर उपाय शोधला. सजीवांची प्रथिनं मुख्यतः वीस अमिनो आम्लांची बनलेली असतात. या शास्त्रज्ञांनी निसर्गात कुठेही न सापडणारं आणखी एक आम्ल तयार केलं आणि कलमाच्या पेशींमधलं एक अत्यावश्यक प्रथिन असं बदललं, की या नव्या आम्लावाचून ते बनूच नये. रुग्णाने रोज त्याची चिमूट घेतली तर पेशी जगतात. पेशी उधळल्या, तर चिमूट बंद करायची. काही आठवड्यांत त्या मरून जातात. घोड्याला लगाम घालावा तसं हे होतं, आणि ते निर्दोष चाललं.

चंद्रहासांना कलम लागू पडलं तेव्हा शर्वरी रडली होती. ते त्या दिवशी तांब्याभर पाणी एका दमात प्यायले होते.

लोकांनी त्या पांढऱ्या पावडरीचं नाव ‘एकवीस’ पाडलं. घरोघरी सकाळी “एकवीस घेतलंत का?” असं विचारलं जाऊ लागलं. डायलिसिसची केंद्रं एकेक करून बंद झाली. यंत्रं गोदामात गेली, गाळण्या बनवणाऱ्या कंपन्यांनी दुसरं काही बनवायला घेतलं. पनवेलला डॉ. नाझनीन मुकादम यांनी मात्र आपलं लहानसं केंद्र चालू ठेवलं, कारण काही थोड्या रुग्णांना कलम मानवत नसे.

एकवीस बनवायचं तंत्र फक्त लुमाराकडे होतं. आपल्याकडच्या प्रयोगशाळांनी खटपट केली, पण रसायनांमधून बनवलेल्या आम्लात त्याचं उलटं, आरशातल्या प्रतिमेसारखं रूपही मिसळलेलं निघे आणि पेशींना ते विषासारखं लागे. लुमाराच्या टाक्यांमधले जिवाणू ते शुद्ध बनवत, आणि ते जिवाणू लुमाराबाहेर कधी गेले नाहीत. देशाची वर्षभराची गरज विमानाच्या एका कोपऱ्यात मावेल एवढी होती, पण किमतीच्या हिशेबात ती आयातीच्या यादीत भराभर वर चढली. गाड्या विजेवर आल्या तसं तेल खाली उतरत होतं. ज्या देशाचं नाव नकाशात शोधावं लागे, तो मोठ्या व्यापारी भागीदारांच्या पंगतीत येऊन बसला. पाठ्यपुस्तकातला धडा बदलला.

बदल्यात लुमाराला आपल्याकडून काय हवं होतं? तांदूळ, कापड, औषधं त्याला दुसरीकडूनही मिळत होती. त्याच्याकडे माणसं नव्हती. देश म्हातारा झाला होता. उठवायला, आंघोळ घालायला, भरवायला हात नव्हते. लुमाराने हात मागितले. करार झाला: भारतातून परिचारिका जातील, आणि जिच्या घरी कलमाचा रुग्ण असेल त्या घराला एकवीसची हमी मिळेल. बाकीच्यांसाठी सर्वसाधारण वाटा राहील. पहिल्या वर्षी हा वाटा पुरेसा होता. हमीची घरं वाढत गेली तसा तो आटत गेला. अर्धी चिमूट घेऊन पेशी जगत नाहीत. डॉ. मुकादमांच्या केंद्रावर लोक परत येऊ लागले.

शर्वरीने करारावर सही केली. तीन वर्षं म्हणजे काही जन्म नाही, असं ती निरंजनला म्हणाली. तोही हो म्हणाला. चंद्रहास आधी नको म्हणत होते, पण ती गेली त्या सकाळी त्यांनी पुडी पाण्यात ढवळली आणि ते प्यायले. जगायची इच्छा कुणाला नसते?

लुमारात तिला ओरिना नावाच्या बाईच्या घरी ठेवलं. ओरिना पूर्वी मुलांना पोहायला शिकवायची. आता तिला कुशीवर वळायलाही कुणीतरी लागत होतं. बाई स्वभावाने चांगली होती. तिने शर्वरीला भाषा शिकवली, तिच्याकडून फोडणीचं वरण करवून घेतलं आणि शेजाऱ्यांना खिलवलं. घर उबदार होतं, रजा मिळत होती. शर्वरीला कुणी कधी वावगं बोललं नाही. फक्त दर महिन्याला उरणमध्ये चंद्रहासांचं रक्त तपासलं जाई आणि तो अहवाल लुमाराच्या कचेरीत पोचे, कारण पुडी भलत्याच कुणाला विकली जात नाही ना, हे त्यांना बघायचं असे. त्या अहवालाची एक प्रत शर्वरीलाही मिळे. वडिलांचं मूत्रपिंड उत्तम चाललंय हे वाचून तिला आनंद व्हायचा, आणि पाठोपाठ छातीवर काहीतरी ठेवल्यासारखं वाटायचं.

तीन वर्षं संपत आली तेव्हा सर्वसाधारण वाटा जवळजवळ नावापुरताच उरला होता. परत जायचं म्हणजे वडिलांची पुडी बंद करायची. तिने करार वाढवला. निरंजन थांबला. पुढच्या खेपेला लुमाराने नियम बदलला. आता एकदम सात वर्षांसाठी सही करावी लागणार होती. सहीच्या आदल्या आठवड्यात ओरिना शर्वरीला खोलीबाहेर जाऊ देईना. पाणी आणायला गेली तरी हाका मारायची. शेवटी तिने शर्वरीचा हात धरला.

“माझ्या देशाने तुला अडकवलंय, याची मला लाज वाटते,” ती म्हणाली. “पण तू जाऊ नकोस.”

शर्वरीने सही केली. त्याच दिवशी तिने निरंजनला सांगितलं, की आता थांबू नकोस. त्याने फोन ठेवून दिला. वडिलांना तिने यातलं काही कळू दिलं नाही. ‘अजून थोडे दिवस’ एवढंच ती सांगत राहिली.

ते कळलं निरंजनकडून. एका रविवारी तो उरणला घरी आला, चहा घेतला, आणि कप खाली ठेवून म्हणाला, “काका, पुढच्या महिन्यात माझं लग्न आहे. शर्वरीने सांगितलं नसेल, म्हणून मीच आलो.”

चंद्रहासांनी त्याला सगळं विचारून घेतलं. सात वर्षांचंही त्यांना तेव्हाच कळलं. मग ते निरंजनला रस्त्यापर्यंत सोडायला गेले, त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

दुसऱ्या दिवशी ते डॉ. मुकादमांकडे गेले आणि मला पुन्हा यंत्रावर घ्या म्हणाले. बाईंना आधी कळेचना. कळलं तेव्हा त्या चिडल्या. धडधाकट चाललेलं मूत्रपिंड मारून माणसाला यंत्राला जोडायचं, हे कुठला डॉक्टर करेल, असं म्हणून त्यांनी चंद्रहासांना घरी पाठवून दिलं. चंद्रहास घरी आले. पुडीचा डबा त्यांनी उघडलाच नाही, त्या दिवशीही नाही आणि नंतरही नाही.

लुमाराच्या कचेरीतून शर्वरीला बोलावणं आलं. तिथल्या अधिकारी बाईने तिच्यापुढे रक्ताचा अहवाल ठेवला आणि विचारलं, की तुझे वडील एकवीस विकतात का? रक्तात त्याचा अंशही नव्हता. शर्वरीने तिथूनच घरी फोन लावला. पडद्यावर वडिलांचा चेहरा दिसला. डोळ्यांखाली सूज होती. ती सूज कसली हे ओळखायला तिला अहवालाची गरज नव्हती.

“बाबा, डबा कुठे आहे?”

“फळीवर आहे.”

“आण. अजून सगळ्या पेशी मेल्या नसतील. माझ्यासमोर घे.”

“नाही घेणार, शरू.”

“मी इथे मजेत आहे.”

“मजेत असतीस तर निरंजनचं सांगितलं असतंस.”

“ते माझं मी ठरवलं होतं. तू मध्ये पडायचं कारण नव्हतं.”

“तुझ्यापुढे दुसरं काय होतं ठरवायला?” चंद्रहास शांतपणे बोलत होते, मध्येच धाप लागत होती. “दोन वाटा असत्या आणि तू ही धरली असतीस, तर मी रोज खुशाल ती पुडी प्यायलो असतो. वाट एकच होती. तिच्या तोंडाशी मी बसलो होतो.”

“यंत्रावर तुझे काय हाल व्हायचे ते मी पाहिलंय. मी धरून जिना चढवलाय तुला.”

“ते हाल माझे होते,” ते म्हणाले. “हे तुझे आहेत. मला बघवत नाहीत.”

तिने पुष्कळ विनवण्या केल्या, रागावली, डॉ. मुकादमांना फोन करून त्यांना घरी पाठवलं. बाई गेल्या, डबा समोर ठेवून बसल्या. चंद्रहासांनी त्यांना खुर्ची दिली, चहा दिला, आणि पुडीला हात लावला नाही. पेशी मरायला जेवढा वेळ लागायचा तेवढा लागला. शेवटी डॉ. मुकादमांनीच त्यांना गाडीत घालून पनवेलला नेलं. डाव्या हातातली जुनी शीर अजून चालू होती, बोट ठेवलं की थरथर लागायची. तिथे सुया गेल्या.

घरी कलमाचा रुग्ण उरला नाही म्हणून हमी रद्द झाली, आणि हमीबरोबर करारही संपला म्हणून शर्वरी मोकळी झाली. ओरिनाचा निरोप घेताना तिने तिला शेवटचं कुशीवर वळवलं, उशी नीट केली. ओरिना भिंतीकडे तोंड करून राहिली. नवी परिचारिका अजून आलेली नव्हती.

उरणला आल्यावर कितीतरी दिवस शर्वरी वडिलांशी कामापुरतंच बोलत होती. डॉ. मुकादमांच्या केंद्रात तिला लगेच काम मिळालं. वडिलांच्या हातात सुया तीच घालायची, पट्ट्या लावायची, यंत्राकडे बघत उभी राहायची. मी दिलेलं याने उकिरड्यावर फेकलं, हे तिच्या मनातून जात नव्हतं. चंद्रहासही समजूत काढायला आले नाहीत. एका दुपारी तिने त्यांना स्वयंपाकघरात पकडलं. मोजून दिलेलं पाणी संपवून ते कलिंगडाची फोड चोखत उभे होते, शर्टावर लाल डाग पडला होता. तिला पाहून त्यांनी फोड पाठीमागे लपवली. शर्वरी हसली, आणि हसता हसता तिला रडू फुटलं. त्यानंतर दोघं बोलू लागले.

चंद्रहास आणखी पावणेदोन वर्षं जगले. एका सकाळी यंत्रावर असतानाच त्यांचं हृदय थांबलं. शर्वरी शेजारीच होती.

दहाव्याच्या आधीच लुमाराहून फोन आला. कचेरीतली तीच बाई होती. तिने दुःख व्यक्त केलं, मग सांगितलं, की नियम बदललेत. अनुभवी परिचारिकेला आता घरातलाच रुग्ण असायची अट नाही. तिने परत यावं आणि भारतातल्या कुणाही एका रुग्णाचं नाव द्यावं, त्याला जन्मभर हमी मिळेल. ओरिना अजून आहे, तिची आठवण काढते, असंही ती म्हणाली.

शर्वरीने ही गोष्ट कुणाला सांगितली नाही, पण हीच अट आलेल्या दुसऱ्या एका परिचारिकेकडून गावात कळली. मग भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली. माणसं दुःख बोलायला येत, चंद्रहासांच्या आठवणी सांगत, आणि उठता उठता दारात थबकत. एकाची आई होती, एकाचा भाऊ. बंदरावर वडिलांबरोबर काम केलेल्या एका गृहस्थांना स्वतःसाठीच मागायचं होतं, ते त्यांना जमेना. चपला घालत ते तसेच उभे राहिले. शर्वरी सगळ्यांना बघते म्हणायची. ‘नाही’ म्हणायला तिची जीभ रेटत नव्हती आणि ‘हो’ एकालाच म्हणता येणार होतं.

निरंजनही आला. तो भिंतीला टेकून बसला, चंद्रहासांच्या फोटोला हार घातला, पाणी प्यायला आणि गेला. दारात थांबला नाही. त्याने काही मागितलं नाही याचं तिला बरं वाटलं. चार दिवसांनी डॉ. मुकादमांनी केंद्रावर येणाऱ्या नव्या रुग्णांची माहिती तिला दिली, त्यात वृषाली म्हात्रे होती. निरंजनची बायको, एका लहान पोराची आई. तिच्या कलमाला सर्वसाधारण वाट्यातून पुडी मिळत होती. तो वाटा आता पुरता बंद झाला होता.

ती रात्र आणि पुढचे काही दिवस शर्वरीने कसे काढले ते तिचं तिलाच माहीत. एक नाव द्यायचं, विमानात बसायचं, ओरिनाला कुशीवर वळवायचं. एका घरात पोर आईजवळ वाढेल. निरंजन आला आणि काही न मागता गेला. मागितलं असतं तर एवढा पेच पडला नसता. पण केंद्रात गोदामातून काढलेली जुनी यंत्रं ओळीने लावून ठेवली होती, आणि शिरेत सुई घालता येणारे हात पनवेलमध्ये मोजकेच होते. नव्या नर्सना एकवीसच्या काळात शिकवलेलं. जाड सुई त्यांनी हातात धरलेली नव्हती. राहिली तर पुष्कळांना थोडं देता येणार होतं, गेली तर एकीला सगळं. यातलं काय बरोबर, हे सांगणारं तिला कुणी नव्हतं. ज्यांनी सांगितलं असतं ते स्वतःच डबा फळीवर ठेवून गेले होते.

तिने लुमाराला फोन करून त्यांच्याच भाषेत नाही म्हणून सांगितलं. मग पुढल्या प्रत्येक दिवशी तिला बाजारातून जावं लागे, आणि तिच्याकडे बघून लोक बोलणं थांबवत. बंदरावरचे ते गृहस्थ एकदा समोरून आले आणि रस्ता ओलांडून पलीकडे गेले.

वृषाली पहिल्यांदा केंद्रात आली तेव्हा निरंजन बाहेर गाडीत थांबला होता. वृषालीची मूठ मिटलेली होती. शर्वरीने ताट मांडलं, हातमोजे चढवले, तिच्या दंडाला पट्टा बांधला. शिरेची शस्त्रक्रिया नवी होती, टाक्यांचे वण अजून कोवळे होते.

“पहिल्यांदा दुखेल,” शर्वरी म्हणाली.

वृषालीने हात मागे घेतला. तिने पहिल्यांदाच शर्वरीकडे नीट बघितलं.

“तुम्हाला माझं नाव देता आलं असतं.”

“हो.”

“ह्यांनी मला सांगितलं होतं, तिच्याकडे मागायचं नाही. मी मागणार होते. दोनदा तुमच्या गल्लीच्या तोंडापर्यंत आले. दुसऱ्या कुणाचं दिलंत का?”

“नाही. कुणाचंच नाही.”

वृषालीने मूठ उघडली, हात पुढे केला आणि तोंड दुसरीकडे फिरवलं.

“मग घाला,” ती म्हणाली.